पुलावरचं धुकं

३१ ऑगस्ट, रविवार. सकाळी ६.१५

नवी वही. गेल्या वर्षीच्या वहीत तीन पानं भरली होती, त्यात दीड पान योगासनांचं वेळापत्रक. या वेळी तसं होणार नाही.

वही मराठीतच लिहायची. पुण्याला ऑप्टिक्सचा डिप्लोमा करताना माझ्या तंजावरी मराठीला तीन वर्षं सगळे हसले. त्या रागात त्यांची मराठी शिकलो, ती आता फक्त इथे कामाला येते. चष्म्याच्या दुकानात सगळं तमिळ, आणि घरी भारतीला ही अक्षरं वाचायचा कंटाळा. म्हणजे बायकोपासूनही वही सुरक्षित.

'बेल्स ऑफ ऑर्सा २' हा व्हिडिओ गेम काल घरी आला. आठ वर्षं वाट पाहिली. पहिला भाग हरिणी नववीत असताना आम्ही बापलेकींनी मिळून खेळला. मिळून म्हणजे कंट्रोलर माझ्या हातात आणि मुरुक्कूचा (पुणेकरांच्या चकलीचा) डबा तिच्या मांडीवर. राक्षस सगळे मी मारले. आता ती होसूरला नोकरी करते, जानेवारीत दोन वर्षांसाठी नेदरलँड्सला जाणार. या भागाचा शेवटचा अध्याय दोघांनी दोन कंट्रोलर घेऊन खेळायचा आहे. ती सरस्वतीपूजेला येते आहे. तोवर मी त्या अध्यायाच्या दारापर्यंत पोचून ठेवतो, शेवट दोघं मिळून करू, असा शब्द दिला. तिने विचारलं, तुमाला जमेल कां अप्पा? हसू आलं.

एक महिना आहे. रोज दीड तास. सहज.

१ सप्टेंबर, सोमवार

दोन तास खेळलो. काय गेम आहे! नायिका तीच, तामरा, पण आता तिच्याकडे आकडा लावलेला दोर. घंटेच्या मनोऱ्यावर दोर टाकून चढायचं. वर जाऊन घंटा वाजवली की सगळ्या खोऱ्याचा नकाशा उघडतो. आवाज इतका खरा की भारती स्वयंपाकघरातून बघायला आली, कोण आलं म्हणून.

एकच खटकलं. रंग. पहिल्या भागात समुद्र निळाशार होता, यात पाणी घातलेल्या कॉफीसारखा आहे. हल्ली सगळेच असं करतात, खेळ गंभीर दिसावा म्हणून.

४ सप्टेंबर, गुरुवार. दुपारी ३

दुकान दीड ते चार बंद. जेवून खेळायला बसलो.

तामराबरोबर या वेळी एल्डा नावाची नकाशे काढणारी बाई दिली आहे. शूर आहे, स्वभावाने चांगली आहे, पण तोंड बंद ठेवत नाही. कोड्यापुढे उभं राहून मी विचार सुरू करावा, तोच ही म्हणते, त्या चाकाला दोर बांधून पाहू या का? अगं, मला बांधू दे की! पहिल्या भागात एका कोड्यावर आख्खा रविवार घालवला होता. ते सुख गेलं.

शिवाय मेंढ्या. राज्य बुडायला आलं आहे, आणि मी एका म्हातारीच्या बारा मेंढ्या शोधत डोंगरात फिरतो आहे. नऊ सापडल्या. धुक्यात पांढरी मेंढी कशी दिसावी, हे गेम बनवणाऱ्यांनी सांगावं.

कड्यावरून तीनदा पडलो. मग पंचांग पाहिलं, दीड ते तीन राहुकाळ. गुरुवारी दुपारी खेळणं बंद.

८ सप्टेंबर, सोमवार

पापनाशमचे शंकरनारायण सर आले होते. निवृत्त हेडमास्तर, वय बहात्तर. दिव्यांभोवती कडी दिसतात म्हणाले, कारण रस्त्यावर बसवलेले नवे दिवे भिकार आहेत. पेपरची छपाई पण अलीकडे फिकट झाली आहे म्हणे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, दारातून आत येतानाच कळत होतं. वीस मिनिटं समजावलं, आजकाल पिकायची वाट बघायची नसते, दहा मिनिटांचं काम. जाताना म्हणाले, आधी दिव्यांचं काही होतं का बघतो.

माणूस स्वतःला किती फसवतो! पंकजाला तसं म्हटलं. (ती चौदा वर्षं दुकानात आहे, काचा घासणं आणि बसवणं तिच्याकडे.) मी लिहिलेलं नंबरचं कार्ड माझ्यापुढे धरून तिने विचारलं, सार, हा एक आहे की सात? सकाळपासून तिसऱ्यांदा. तिचे डोळे तपासायला हवेत.

९ सप्टेंबर, मंगळवार

बंदराचा अध्याय. प्रत्येक कंदिलाभोवती मोठं कडं. याला गेमवाले ब्लूम म्हणतात. सुंदर दिसतं, पण अति केलं आहे. मारेकरी कंदिलामागे उभा असतो आणि तो मला मारून गेल्यावर दिसतो.

खालची इंग्रजी अक्षरं मुंगीएवढी. सेटिंगमध्ये मोठी केली. आता मुंगळ्याएवढी आहेत.

१३ सप्टेंबर, शनिवार

पुलावर पोचलो! अडीच आठवडे हातात ठेवून. पलीकडे शेवटचा अध्याय. मध्ये फक्त एक पहारेकरी.

त्याची रीत सोपी आहे. तलवार उगारली की पात्यावर ठिणगी चमकते. लाल असेल तर बाजूला उडी मारायची, निळी असेल तर आपली तलवार आडवी धरायची. उद्या सकाळी उरकून टाकतो.

१४ सप्टेंबर, रविवार

अकरा वेळा मेलो.

पूल धुक्यात आहे. आमच्या कुंभकोणमला मार्गळीत, ऐन थंडीत, पहाटेसुद्धा इतकं धुकं पडत नाही. ठिणगी लालही नाही, निळीही नाही, प्रत्येक वेळी मळकट. हा गेमचा दोष आहे. खेळणाऱ्याला अंदाजाने मारायला लावणं म्हणजे कौशल्य नव्हे.

निश्चय: उद्यापासून पाचला उठणार. कॉफीआधी दहा वेळा प्रयत्न, कॉफीनंतर दहा.

१५ सप्टेंबर, सोमवार

सातला उठलो. थकवा आहे.

१७ सप्टेंबर, बुधवार

हरिणीचा फोन. कुठवर आलं विचारलं. म्हटलं, जवळजवळ झालंच. धुक्याचं सांगितलं. ती म्हणाली, "धुकं कोठें अप्पा? मी व्हिडिओ पाह्यलें, पुलावर अस्कं ऊन आहे कीं." म्हणजे तिने दुसराच पूल पाहिला. ऑर्सात पूल बरेच आहेत.

मग म्हणाली, डिफिकल्टी नॉर्मलवरून स्टोरीवर आणा, पहारेकरी हळू मारेल. मी शांतपणे सांगितलं की पहिला भाग संपूर्ण नॉर्मलवर संपवलेला माणूस लहान मुलांच्या पातळीवर खेळत नसतो. स्वयंपाकघरात भारतीला ठसका लागला.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

दोष टीव्हीचा असणार. दुकानातला काचा पुसायचा स्प्रे आणून तीनदा पुसला. थोडा फरक वाटला. सोफा पुढे ओढून पडद्यापासून दोन फुटांवर बसलो. भारती म्हणाली, "अवो, तोंड आंत घालूं नका, ती बाई घाबरेल." तिला विनोद करायला वेळ आहे.

एकूण मृत्यू २६.

२२ सप्टेंबर, सोमवार

नवरात्राचा कोलू मांडला. हॉलमध्ये बाहुल्यांच्या सात पायऱ्या, त्यामुळे टीव्ही आतल्या खोलीत. हे उत्तम झालं, आत अंधार आहे, पडदा स्पष्ट दिसेल.

बाहुल्या पायरीवर ठेवताना भारतीला म्हटलं, हा कृष्ण पार राखाडी पडला, रंग द्यायला हवा. ती म्हणाली, आडी महिन्यातच, जुलैत, दिला आहे, निळा. मी म्हटलं, हल्लीचे रंग टिकत नाहीत.

मृत्यू ३३. आतल्या खोलीतही धुकं.

२५ सप्टेंबर, गुरुवार

कंपनीला इंग्रजीत दीड पानी पत्र पाठवलं. आधी स्तुती केली, दोर, घंटा, पाण्याचा आवाज. मग मेंढ्या. मग एल्डाची बडबड. शेवटी धुकं, तारखांसकट. सव्वीस वर्षं नजरेच्या व्यवसायात असलेला माणूस लिहितो आहे, हेही कळवलं.

शंकरनारायण सर रस्त्यात भेटले. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं करून आले! लांबूनच माझ्या दुकानाची पाटी वाचून दाखवली, खालच्या फोन नंबरसकट. शेवटी माझ्याकडे निरखून बघत म्हणाले, विजयराघव, तुम्ही थकलेले दिसता. खरं आहे. सीझनचं काम आहे.

२८ सप्टेंबर, रविवार

कंपनीचं उत्तर आलं. सभ्य आहे. पुलाचा प्रसंग भर दुपारचा असून त्यात धुक्याचा वापर केलेला नाही, असं लिहितात.

पत्रांना उत्तरं देणारी ही माणसं स्वतः गेम खेळत नाहीत. फार वाईट वाटलं. मृत्यू ४४.

३० सप्टेंबर, मंगळवार. संध्याकाळी ७

हरिणी आली. दारातच विचारलं, पूल? म्हटलं, उद्या सकाळी तुझ्यासमोर पार करणार, म्हणून ठेवला आहे. तिने होसूरहून तिचा कंट्रोलरही आणला आहे. बारीक झाली आहे. की मला तशी वाटली.

तिच्याकडे फक्त पाच दिवस आहेत. शब्द मी दिला होता. आज पहिल्यांदा वाटलं की जमणार नाही. उद्या सकाळी लवकर उठतो.

१ ऑक्टोबर, बुधवार

खेळता आलं नाही. सरस्वतीपूजा. घरातली, दुकानातली सगळी हत्यारं पूजेला बसली, उद्यापर्यंत कशालाही हात लावायचा नाही. ही रीत माहीत होती, पण भारतीने माझ्या काचांच्या पेटीशेजारी दोन्ही कंट्रोलर मांडले. म्हणाली, गेला महिनाभर तुमचं हत्यार हेंच कीं. प्रत्येक वस्तूला गंध आणि कुंकू. कंट्रोलरलासुद्धा, सढळ हाताने.

आज नक्की जिंकलो असतो. हातात तशी जाणीव होती.

डांगर पचडी छान झाली होती. दुपारी झोपलो. खूप दिवसांनी शांत झोप लागली, हे इथे लिहायला हरकत नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार

हे लिहावं की नाही, कळत नाही. लिहितो.

विजयादशमीला पूजेतून उठवलेल्या प्रत्येक हत्याराने एक तरी काम करायचं असतं. भारती शिवणाच्या मशीनवर चार टाके घालते, मी दुकानात जाऊन घरच्या कोणाचे तरी डोळे तपासतो. दर वर्षी भारती खुर्चीत बसते. आज ती म्हणाली, "माझं राहूं द्या. तुमी बसा, हरिणी पाहेल." पोरगी दुकानातच वाढली आहे, तिला सगळं येतं. पंकजाही उभी होती. नाही म्हणायला कारण सुचेना.

हरिणीने माझा डावा डोळा झाकला आणि वाचायला सांगितलं. वरच्या मोठ्या अक्षरांपासून सुरुवात काय करायची? थेट सहावी ओळ म्हणून दाखवली. ई डी एफ सी झेड पी. धडाधड. मग सातवी.

मी म्हटलं, बघा, काही नाही झालेलं.

हरिणी म्हणाली, "अप्पा, तक्ता तमिळ आहे."

आमची तक्त्याची पाटी दोन बाजूंची. एकीकडे इंग्रजी, दुसरीकडे तमिळ. पूजेसाठी पुसताना पंकजाने ती उलटी टांगली होती. वरच्या सगळ्यात मोठ्या अक्षरावर कुंकवाचा टिळा होता म्हणे. मला टिळाही दिसला नव्हता.

मग तिने टॉर्च लावून उजव्या डोळ्यात पाहिलं. बराच वेळ. टॉर्च खाली ठेवल्यावर माझा चष्मा उगीचच तिच्या ओढणीला पुसत राहिली. पंकजा तमिळमध्ये म्हणाली की तिला आडीपासून माहीत होतं, पण सारांना सांगायचं कसं.

लाज वाटली. लाजेपेक्षा भीती जास्त वाटली. हे डोळेच माझं दुकान आहेत. सव्वीस वर्षं लोकांना ओरडून सांगतो, उशीर करू नका. सरांना मी हसलो होतो.

५ ऑक्टोबर, रविवार

हरिणी गेली. तीन दिवस टीव्ही लावला नाही. पूल मी पार करून देऊ का असं तिने एकदा विचारलं. मी नको म्हटलं. शब्द माझा होता. तिचा कंट्रोलर ती इथेच ठेवून गेली, परत येऊन खेळूं म्हणून.

दीपावली झाल्यावर ऑपरेशन. सीझन संपल्यावर, म्हणजे उशीर नव्हे. नियोजन.

४ नोव्हेंबर, मंगळवार

काल तंजावरला उजवा डोळा झाला. खरंच दहा मिनिटं लागली. आज पट्टी काढली.

निळा रंग! डॉक्टरांच्या खोलीतली बादली निळी होती. एवढी निळी बादली मी जन्मात पाहिली नाही. उजवा डोळा मिटला की तीच बादली मळकट. घरी आलो तर भिंतीवर पालीचे डाग, भारतीचे केस अर्धे पांढरे. कधी झाले? आरशात जाऊन आलो. परत जाणार नाही.

वर्षभर आधी डोळे तपासले असते तर, असं वाटून रडू आलं. डॉक्टरांनी डोळ्याला पाणी लागू देऊ नका म्हटलं होतं. तेवढ्यावर थांबलो.

११ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी ७

आठवडा पूर्ण. अर्धा तास टीव्ही बघायला परवानगी.

पूल उन्हात आहे. दगडांवर शेवाळ आहे, खाली नदी आहे, पलीकडच्या मनोऱ्यावरची घंटासुद्धा दिसते. धुकं कुठेच नाही. कंपनीची माफी मागायला हवी. मागेन केव्हातरी. ठिणगी लाल आहे आणि निळी आहे. डोळे असलेल्या कोणालाही कळेल.

आता फक्त जिंकायचं बाकी.

७.४०

चार वेळा मेलो. शेवटच्या वेळी निळी ठिणगी अगदी स्वच्छ दिसली. निळी आहे, निळी आहे, असं मनात म्हणेपर्यंत मेलो.

नवीन डोळ्याची सवय व्हायची आहे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

मनाला उभारी यावी म्हणून पहिला भाग लावला. माझी जुनी सेव्ह अजून आहे. पूर्ण, शंभर टक्के. खाली बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं होतं, आज सहज वाचता आलं.

डिफिकल्टी: स्टोरी.

हरिणीला फोन लावला. ती म्हणाली, "तुमी हरलेत कीं दोन दोन दिवस जेवत नव्हतेत अप्पा. अम्मा सांगटली, म्हणून मी बदललें." आठ वर्षांपूर्वी. दोघींनी एकदाही सांगितलं नाही.

भारतीला विचारलं. तिला परत ठसका लागला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

हरिणी दोन दिवसांसाठी आली. मी स्वतःहून सांगितलं की डॉक्टरांनी ताण नको म्हटलं आहे, तेव्हा निव्वळ प्रकृतीच्या कारणासाठी डिफिकल्टी स्टोरीवर ठेवू. ती म्हणाली, बरें अप्पा. पहारेकरी दुसऱ्या घावात पडला. ठिणगी कुठली होती ते बघायची वेळच आली नाही.

मग शेवटचा अध्याय. तामरा ती, एल्डा मी. तिचा कंट्रोलर मला दिला, माझा तिने घेतला. सलग तीन तास! एवढं छान मी कधी खेळलो नाही. सुरुवातीची पाच-दहा मिनिटं चाचपडलो, पुढे लय सापडली. एवढी एकाग्रता की मी बटण दाबायच्या आधीच एल्डा उडी मारत होती. मनात आलं की हात चालत होते. मध्येच मुरुक्कू खाल्ला तरी चुकलं नाही. घंटा दोघींनी मिळून वाजवली, राज्य वाचलं. हरिणीने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं, "खूब खेळलेत अप्पा" म्हणाली.

शब्द पाळला. डोळाच काय तो आडवा आला होता.

१६ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळी ५.३०

हरिणीला गाडीत बसवून आलो. आता एकदम जानेवारीत, जाण्याआधी.

कालची कामगिरी परत एकदा बघावी म्हणून गेम लावला. शेवटी हिशोब येतो, बारीक अक्षरात. खेळाडू एक, तीन तास चार मिनिटं. खेळाडू दोन, नऊ मिनिटं. त्याखाली: कंट्रोलर बंद पडल्यामुळे एल्डाला पुढे गेमने चालवलं.

हरिणीचा कंट्रोलर उचलून पाहिला. मेलेला. चार्जिंगची वायर आत जाईना. भोकात सरस्वतीपूजेचं गंध वाळून दगड झालं होतं.

म्हणजे तीन तास मी शेजारी नुसता बसलो होतो. हरिणीला कळलं होतं का? पडद्यावर सूचना आलीच असणार. विचारणार नाही. विचारलं तर ती परत काहीतरी चांगलंच सांगेल.

भारतीच्या शिवणाच्या डब्यातून सुई आणली, उजव्या डोळ्याने नीट बघत गंध कोरून काढलं. वायर लावल्यावर दिवा लागला. निळा आहे.

मुरुक्कूचा डबा रिकामा. तो मात्र सगळा मीच संपवला.